नव्या घरकुलाच्या भिंती : गिलाव्यापासून रंगापर्यंत

घर उभे राहिले, छप्पर पडले, दारे-खिडक्या बसल्या की घर पूर्ण झाले, असा सर्वसाधारण समज असतो. उरलेले काम म्हणजे केवळ भिंतींना गिलावा आणि रंग, आणि ते शेवटच्या आठ-पंधरा दिवसांत उरकून टाकता येते, असेही मानले जाते. परंतु पेण आणि रोहा तालुक्यांतील नव्या घरांकडे पाहिले असता वेगळीच गोष्ट ध्यानात येते. ज्या भिंती पहिल्या वर्षी चकचकीत दिसत होत्या, त्यांवर दुसऱ्या पावसाळ्यानंतर पांढरी पूड जमते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत ओल चढलेली दिसते. अशा वेळी दोष बहुधा रंगाला दिला जातो. वस्तुतः चूक रंगाच्या खूप आधी झालेली असते. गिलाव्यासाठी आणलेल्या रेतीत, त्यात मिसळलेल्या पाण्यात, आणि सर्वांत अधिक म्हणजे घाईत.

या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाखाली २०१६ पासून किमान २५ चौरस मीटर क्षेत्राच्या पक्क्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे केंद्रीय निकषानुसार साहाय्य मिळत आले आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांपैकी कातकरी समाजाच्या अनेक वाड्या पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर आहेत. या गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात प्रत्येक घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या वीटभट्ट्यांवर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडल्या, त्यांच्यासाठी हे विटांचे पहिलेच घर असते. अशा कुटुंबाला दोन वर्षांनी पुन्हा गिलावा करणे परवडत नाही. म्हणून भिंतीचे काम पहिल्याच वेळी नीट होणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

तो आरोग्याचाही प्रश्न आहे. ओलसर भिंतीवर बुरशी वाढते आणि तिचा श्वसनाच्या विकारांशी संबंध असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. एका खोलीत सारे कुटुंब झोपते तेथे लहान मुलांना याचा त्रास आधी होतो.

कुडापासून विटेपर्यंत

कोकणातील जुन्या घराची भिंत कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून, त्यावर माती आणि शेण लिंपून केलेली असे. लिंपण्याचे हे काम बहुतकरून घरातील स्त्रिया करीत. ही भिंत दरवर्षी झिजे आणि दरवर्षी पुन्हा सारवली जाई. ती ओल शोषून घेई, तशी सोडूनही देई. बऱ्या स्थितीतील वाड्यांना व देवळांना चुन्याचा गिलावा असे. त्यासाठी दगडी चाकाच्या घाणीत बैल जुंपून चुना मळीत आणि तो पुरेसा मुरल्यावाचून कोणी भिंतीला हात लावीत नसे.

सिमेंटचा गिलावा यापेक्षा झटपट होतो, कठीण होतो आणि दरवर्षी सारवावा लागत नाही. परंतु त्याचा स्वभाव निराळा आहे. कुडाच्या भिंतीत झालेली चूक पुढच्या सारवणात झाकली जाई. सिमेंटमध्ये झालेली चूक मात्र पक्की होऊन बसते. त्यामुळे सामग्री बदलली तशी कामाची रीतही समजून घेणे आवश्यक ठरते.

रेती आणि पाणी : खारेपाटाचा खरा प्रश्न

पेण तालुक्याचा पश्चिमेकडील भाग धरमतरच्या खाडीला लागून आहे. खारबंदिस्तीच्या जमिनी आणि खाजणे यांनी व्यापलेल्या या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. रोहा तालुक्यातही कुंडलिका नदी खाली रेवदंड्याच्या खाडीकडे वळते तेथे भरतीचे खारे पाणी आत येते. या पट्ट्यांत स्वस्त व जवळ मिळणारी रेती बहुधा खाडीची असते, आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. भिंतीचे शत्रू हेच दोन आहेत.

मिठाला हवेतील दमटपणा शोषून घेण्याची ओढ असते. पावसाळ्यात डब्यातील मीठ पाझरू लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गिलाव्यात मीठ राहिले तर भिंतही तशीच पाझरते. छप्पर गळत नसताना, नळ फुटलेला नसतानाही ती ओली दिसते. पावसाळा संपून भिंत सुकू लागली की पाण्याबरोबर मीठ पृष्ठभागाकडे येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर दिसणारी पांढरी पूड म्हणजेच लोणा. रंगाचा थर घट्ट असला तर क्षारांचे स्फटिक त्याच्या मागे वाढतात आणि रंगाला पुढे ढकलतात. पापुद्रे सुटतात ते यामुळे. भारी रंग लावल्याने हा दोष जात नाही, उलट त्याचा खर्च तेवढा वाढतो.

रेतीची परीक्षा गावातही करता येते. रेतीत शंख-शिंपल्यांचे कण दिसले तर ती खाडीची आहे, हे उघड होते. मूठभर रेती थोड्या गोड्या पाण्यात ढवळून ते पाणी काळ्या तव्यावर आटवले असता ठळक पांढरे वलय उरल्यास क्षार अधिक आहेत असे समजावे. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा अधिक खात्रीने होऊ शकते. रेती धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकल्यास मिठाच्या प्रमाणात पांढरा साका तयार होतो. शेजारी पावसाच्या किंवा चांगल्या विहिरीच्या पाण्याची नळी ठेवली म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. विज्ञानाच्या तासाला मुलांनी स्वतःच्या गावातील रेती तपासावी, यासारखा उपयुक्त प्रयोग दुसरा नाही.

मातीचे प्रमाण पाहण्यासाठी काचेची बाटली अर्धी रेतीने भरून, वर पाणी घालून, जोराने हलवून तीन तास स्थिर ठेवावी. रेतीवर गाळाचा थर बसतो. तो रेतीच्या उंचीच्या साधारण ८ टक्क्यांहून, म्हणजे बारा भागांत एका भागाहून जाड असेल तर रेती धुतल्याशिवाय वापरू नये. माती अधिक असली की गिलावा आकसतो आणि त्याला भेगा पडतात.

खाडीची रेती टाळता येत नसेल तर ती गोड्या पाण्याने धुवावी, अथवा एक पावसाळा उघड्यावर, पाणी निचरून जाईल अशा उंचवट्यावर पसरून ठेवावी. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो धुण्याचे काम फुकट करतो. खाणीच्या दगडापासून केलेली कृत्रिम वाळू हाही चांगला पर्याय आहे. मात्र गिलाव्यासाठी ती बारीक व चाळलेली असावी, तिच्यात दगडाची भुकटी जास्त नसावी. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली. तिचा लाभ घेतल्यास खाडीच्या रेतीकडे वळण्याचे कारण बरेच कमी होते.

पाण्याविषयी नियम सोपा आहे. जे पाणी पिण्यास योग्य, तेच मालात मिसळण्यास योग्य. मचूळ पाणी वापरणे म्हणजे धुऊन काढलेले मीठ पुन्हा भिंतीत घालणे होय.

गिलाव्यापूर्वीची तयारी

चांगल्या गिलाव्याचे निम्मे काम गिलाव्यापूर्वी होते. छप्पर पूर्ण झालेले असावे. चौकटी बसलेल्या असाव्यात आणि विजेच्या नळ्यांसाठी पाडावयाच्या झिऱ्या पाडून झालेल्या असाव्यात. नव्या गिलाव्यावर पुन्हा छिन्नी चालवली की आसपासचा भाग भिंतीपासून सुटतो. विटांमधील सांधे सुमारे १० मिलिमीटर खोल खरवडून घ्यावेत, म्हणजे गिलाव्याला धरून राहण्यास जागा मिळते. काँक्रीटचे खांब व तुळया गुळगुळीत असतात, त्यांवर छिन्नीने टाचे मारावे लागतात. वीट आणि काँक्रीट उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे दोहोंच्या सांध्यावर हमखास उभी भेग जाते. त्या सांध्यावर बारीक तारेची जाळी ठोकून मग गिलावा करावा.

भिंत ब्रशने झाडून तिच्यावरील धूळ व सैल माल काढावा आणि आदल्या संध्याकाळी ती भिजवावी. कोरडी वीट मालातील पाणी ओढून घेते आणि सिमेंट पक्के होण्याआधीच माल कोरडा पडतो. पण भिंत पाण्याने निथळत असेल तर माल घसरतो. ओलसर परंतु पाणी न सुटणारी भिंत ही योग्य स्थिती होय.

आणखी एक गोष्ट पायाच्या वेळीच पाहावी लागते. जोत्याच्या पातळीवर ओलावरोधक थर नसेल तर जमिनीतील ओल विटेतून वर चढतच राहते आणि गिलावा कितीही चांगला असला तरी तो तिला अडवू शकत नाही. थर असूनही घराबाहेर मातीची भर जोत्याच्या वर आली तर त्याचा उपयोग राहत नाही. खारेपाटात हे विशेष सांभाळले पाहिजे, कारण तेथे जमिनीतील ओल आपल्याबरोबर मीठही घेऊन येते.

प्रमाण, जाडी आणि हिशेब

आतील भिंतींना एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण पुरेसे होते. सिमेंट जास्त घातले की गिलावा अधिक मजबूत होतो ही समजूत बरोबर नाही. सिमेंट अधिक असलेला गिलावा अधिक आकसतो आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. ५० किलोच्या एका गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असते. तेवढ्या मापाची लाकडी पेटी करून घेतली तर एका गोणीस सहा पेट्या वाळू, असा बिनचूक हिशेब राहतो. घमेल्यांच्या अंदाजाने हे प्रमाण प्रत्येक वेळी बदलते.

विटेच्या भिंतीची एक बाजू बांधकामात सरळ येते, तिला १२ मिलिमीटर जाडीचा थर पुरतो. दुसऱ्या, खडबडीत बाजूस १५ मिलिमीटर लागतो. १२ मिलिमीटरच्या गिलाव्यास १० चौरस मीटरला सुमारे पाऊण गोणी सिमेंट लागते. लहान घरकुलाच्या आतील भिंती सर्व मिळून १०० चौरस मीटर धरल्या तर ७ ते ८ गोण्या सिमेंट आणि अर्ध्या ब्रासहून थोडी अधिक वाळू पुरते. हा आकडा कुटुंबाला आधी ठाऊक असला की माल कमी पडल्यामुळे शेवटच्या खोलीत वाळूचे प्रमाण वाढवण्याची वेळ येत नाही.

माल लागेल तेवढाच भिजवावा आणि पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणे ही सर्वत्र आढळणारी आणि सर्वत्र नुकसान करणारी सवय आहे. काम छताकडून सुरू करून भिंतीवर वरून खाली यावे. ओळंबा धरून भिंतीवर ठरावीक अंतरावर मालाचे ठिपके द्यावेत, त्यांच्या पातळीत माल भरावा, लांब पट्टीने तासावा आणि मग लाकडी रंध्याने घोटावा. भिंत लवकर घोटता यावी म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची पद्धत टाळावी. त्याने वर कडक कवच तयार होते आणि तेच पुढे तडकते.

पाणी मारणे : उन्हाळ्यातील परीक्षा

सिमेंट सुकून घट्ट होत नाही, तर पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होते. म्हणून गिलावा किमान ७ दिवस ओला राहिला पाहिजे. फ्लाय अॅश मिसळलेले सिमेंट असेल तर १० दिवस ठेवणे चांगले. पेण-रोह्यात बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत, आणि गिलाव्याचे काम बहुधा फेब्रुवारीनंतर येते. म्हणजे नेमके विहिरी खाली जाण्याच्या दिवसांत. रोह्याच्या कोलाडकडील गावांना भिरा येथील जलविद्युत केंद्रातून कुंडलिकेत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा आधार आहे. पेणच्या खारेपाटात मात्र पिण्याच्या पाण्यासाठीच वणवण असते. अशा घरात भिंतीवर पाणी मारा असे सांगणे सोपे, करणे कठीण.

तथापि, थोड्या पाण्यातही हे काम साधते. बादलीने फेकलेले पाणी बहुतेक जमिनीवर जाते. भातशेतीत वापरला जाणारा हातपंप स्वच्छ धुऊन त्याने फवारा दिल्यास एका चौरस मीटरला अर्धा लिटर धरले तरी १०० चौरस मीटरच्या भिंतींना एका वेळी ५० लिटर पाणी पुरते. मात्र तणनाशक मारलेला पंप या कामाला घेऊ नये. दारे-खिडक्यांना गोणपाट टांगून वारा अडवावा आणि एकेक खोली क्रमाने पुरी करावी, म्हणजे एकाच दिवशी सर्व भिंतींना पाणी लागत नाही. पुरेसे पाणी न मिळालेला गिलावा नखाने खरवडला तरी भुसभुशीत लागतो. थापीच्या मुठीने हलके ठोकून पाहिल्यास जेथे पोकळ आवाज येतो तेथे तो भिंतीपासून सुटलेला असतो. तेवढा भाग चौकोनी कापून पुन्हा करणे हाच त्यावर उपाय आहे.

नीरू, पुट्टी आणि जिप्सम

गिलाव्यावर गुळगुळीत पृष्ठभाग हवा असल्यास तीन मार्ग आहेत. पहिला नीरूचा. मुरवलेल्या चुन्याची ही बारीक लगदी गिलावा ओला असतानाच एक-दोन मिलिमीटर जाडीने चढवून थापीने घोटली जाते. ती भिंतीला श्वास घेऊ देते आणि खर्चही बेताचा असतो. दुसरा मार्ग पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचा. पुट्टीचे दोन पातळ हात मिळून दीड मिलिमीटरहून अधिक जाडी नसावी. वाकडी भिंत सरळ करण्याचे ते साधन नव्हे.

तिसरा मार्ग जिप्सम गिलाव्याचा. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील मूर्तिकारांना तो नवा वाटू नये, कारण प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवून त्यातील बरेचसे पाणी काढून टाकलेले जिप्समच होय. पाणी मिळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. त्याला सात दिवस पाणी मारावे लागत नाही, ही त्याची सोय. पण ओल लागत राहिली की ते मऊ पडते. म्हणून न्हाणीघर, मोरी आणि खारेपाटातील घरांच्या भिंतींचा खालचा भाग येथे ते वापरू नये.

पहिल्या वर्षी चुना, रंग नंतर

सर्वांत मोठी घाई होते ती रंगाच्या वेळी. गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला असतो, शेवटच्या हप्त्यासाठी छायाचित्र काढावयाचे असते आणि गिलाव्याला पंधरा दिवसही झालेले नसतात. नवा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर तेलरंग दिला तर तेलाचा साबणासारखा पदार्थ बनतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. शिवाय आत राहिलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. गिलाव्यानंतर किमान चार आठवडे, आणि हवा दमट असेल तर त्याहून अधिक, भिंत मोकळी ठेवली पाहिजे. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतील बाजूस दव दिसले तर भिंत अजून ओली आहे.

या प्रदेशासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे पहिल्या वर्षी केवळ चुना देणे. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून, त्यात डिंकाचे पाणी व किंचित नीळ घालून तीन पातळ हात द्यावेत. विझताना चुना उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, अल्कधर्मी असल्याने बुरशीला थारा देत नाही आणि आतील ओल बाहेर जाऊ देतो. पहिला पावसाळा भिंतीची परीक्षा घेतो. कोठे गळते, कोठे लोणा येतो, कोठे भेग पडते, हे चुन्यावर स्वच्छ दिसते. लोणा आल्यास तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. दोष दुरुस्त करून दसरा-दिवाळीच्या सुमारास, चुन्याची सुटी पूड घासून काढून, प्रायमर देऊन मग हवा तो रंग द्यावा. तो टिकतो.

ग्रामपंचायतीचे काम

शासनाच्या साहाय्याने घर होते, पण ते टिकते गवंड्याच्या हाताने. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची सोय याच कारणाने करण्यात आली. ग्रामपंचायतींनी आपल्या वाड्यांतील होतकरू तरुण-तरुणींना त्यासाठी पाठवावे. ज्या हातांनी विटा पाडल्या आणि कूड लिंपले, त्यांना थापी व ओळंबा अपरिचित राहण्याचे कारण नाही.

याखेरीज काही गोष्टी ग्रामपंचायत पैशांशिवाय करू शकते. ३५ लिटरची एक मापपेटी कार्यालयात ठेवून ती मागेल त्याला द्यावी. रेतीची तपासणी शाळेकडून करून घ्यावी. टंचाईच्या दिवसांत गिलावा सुरू असलेल्या घरांची यादी करून त्यांचे काम पाळीपाळीने लावावे, म्हणजे पाण्यावर एकदम ताण येत नाही. आणि घर पाहण्यास जाणाऱ्या अभियंत्याने व ग्रामपंचायत अधिकाऱ्याने भिंतीचा रंग पाहण्याऐवजी तिला एकदा ठोकून पाहावे. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीचे घर अपुरे मानून कुटुंबाला घाईने रंग देण्यास भाग पाडले जाऊ नये. पहिल्या पावसाळ्यापुरती ती पांढरी भिंत हाच पूर्ण आणि योग्य टप्पा आहे.

भिंत मुरायला वेळ लागतो, ही गोष्ट चुन्याच्या घाणीवर काम करणाऱ्या जुन्या गवंड्यांना ठाऊक होती. सामग्री बदलली तरी तो नियम बदललेला नाही. गोडी वाळू, गोडे पाणी, सात दिवसांची ओल आणि एका पावसाळ्याचा धीर, एवढे सांभाळले तर घरकुलाची भिंत त्या घरात वाढणाऱ्या मुलांच्या संसारापर्यंत साथ देईल.